डाव्या हाताचा कीबोर्ड

लोधीखेड्यात आमच्या ओसरीवर रविवारी सकाळी दोन-चार माणसं बसलेली असायचीच. कुणाचं नामांतरण अडलेलं, कुणाच्या संत्र्याच्या बागेची नुकसानभरपाई, कुणाचं रेशनकार्ड. बाबा शाळेतून निवृत्त झाले, पण लोकांचे अर्ज लिहिण्याच्या कामातून काही त्यांना निवृत्ती मिळाली नाही. अर्ज हिंदीत, ओसरीवरच्या गप्पा मराठीत, आणि मधूनच आईचा चहा. आमच्या सौंसर-पांढुर्ण्याच्या पट्ट्यात हे असंच चालतं.

दोन वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं दोन महिन्यांत बरंच परत आलं, चालणंही आलं. उजवा हात मात्र आला नाही. आणि बाबा उजव्या हातानं लिहिणारे.

माणसं तरीही यायची, तब्येत विचारायची आणि कामाचं न बोलता उठून जायची. ते बाबांना जास्त लागायचं. एकदा मला फोनवर म्हणाले, "पोरी, तू कॉम्प्युटरवाली हायेस ना? मले एका हातानं लिहिता येईन असं काहीतरी कर."

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसभर कोड एडिटरमध्ये असते आणि त्यातले शॉर्टकट मी माझ्या सोयीनं बदलून घेतलेले आहेत. म्हटलं, यात काय अवघड, हा तर डाव्या हाताचा खेळ! जुना लॅपटॉप उचलला आणि घरी गेले. त्यावर लिब्रेऑफिस टाकलं. ते फुकट आहे आणि त्यातला रायटर हवा तसा बदलता येतो. एका संध्याकाळी सतरा शॉर्टकट बसवले. कंट्रोल-शिफ्ट हे, कंट्रोल-ऑल्ट ते. एका कागदावर छापून भिंतीला चिकटवले आणि कौतुकाची वाट बघत बसले.

बाबांनी कागद वाचला, मग स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिलं. "हे कोणासाठी केलं, तुयासाठी का मायासाठी?"

खरं होतं. तीन कळा एकदम दाबायला दोन हात लागतात. मग मी आधी करायला हवं होतं ते केलं. काहीही न बदलता अर्धा दिवस नुसती शेजारी बसून राहिले आणि बोटं कुठे अडतात ते बघितलं.

पहिली अडचण कंट्रोलची. कट, कॉपी, पेस्ट ही पद्धत १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी रुजवली. पुढे ॲपलने त्यासाठी एक्स, सी, व्ही ही शेजारशेजारची अक्षरं घेतली. ती कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात आहेत, त्यामुळे डाव्या हाताला ती जमतात. पण प्रिंटसाठी कंट्रोलसोबत पी दाबायचा तर तो पार दुसऱ्या टोकाला. बाबांचा पंजा तितका ताणत नव्हता.

म्हणून सतराच्या सतरा शॉर्टकट काढून टाकले आणि डावीकडच्या एफ-कळा घेतल्या. एफ-२ म्हणजे सेव्ह, एफ-४ म्हणजे चुकलेलं मागे घेणं, एफ-५ म्हणजे प्रिंट. एक काम, एक बोट. रायटरमध्ये हे 'टूल्स' मेनूतल्या 'कस्टमाइझ'मध्ये होतं. तिथे 'कीबोर्ड' नावाच्या पानावर वर कळांची यादी असते, खाली कामांची. कळ निवडायची, काम निवडायचं आणि जोडून द्यायचं. एफ-१, एफ-१० सारख्या काही कळा पुसट दिसतात. त्या बदलता येत नाहीत. हा बदल सगळ्या लिब्रेऑफिससाठी हवा की फक्त रायटरसाठी, तेही तिथेच ठरवता येतं.

इथे माझी एक फजिती झाली. प्रिंटची दोन कामं यादीत असतात. एक आधी खिडकी उघडून विचारतं, दुसरं न विचारता थेट छापतं. मी हौसेनं दुसरं जोडलं. एफ-५ दाबून काही झालं नाही असं वाटून बाबा दाबत राहिले आणि एका अर्जाच्या अकरा प्रती निघाल्या. त्या दिवसापासून आमचा एफ-५ आधी विचारतो.

दुसरी अडचण मेनूची. "इतके मेनू कायले बाप्पा?" हा बाबांचा प्रश्न अगदी योग्य होता. त्याच 'कस्टमाइझ'मध्ये 'मेनू' नावाचं पान आहे. तिथे 'बाबा' नावाचा नवा मेनू केला आणि त्यात फक्त सहा कामं ठेवली. त्यांची नावंही बदलली: नवा कागद, जुना कागद उघडा, ठेवून द्या, मागे घ्या, अक्षर मोठं करा, छापा. नको असलेले टूलबार 'व्ह्यू' मेनूतून बंद केले. माउसची बटणंही विंडोजच्या सेटिंगमधून डावऱ्या माणसासाठी उलटी करून दिली.

तिसरी अडचण आपल्या सगळ्यांची आहे, ती म्हणजे ळ. आमच्याकडे टायपिंग शिकतात ते हिंदीचं, आणि हिंदीला ळ फारसा लागत नाही. त्यामुळे जामसावळीचं जामसावली होतं, पोळ्याचा पोला होतो आणि काळे आडनावाचे काले होतात. बाबांना ते खपत नाही. मी त्यांना इनस्क्रिप्ट मांडणी शिकवली. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की ती मिळते. स्वर आणि मात्रा डावीकडे, व्यंजनं उजवीकडे, अशी तिची रचना आहे. विंडोजमधला हिंदीचा इनस्क्रिप्ट कीबोर्डही तसाच असल्यामुळे अर्ज हिंदीत असो की पत्र मराठीत, बोटांना वेगळं काही शिकावं लागत नाही. एनच्या कळेवर ल आहे, शिफ्ट धरून तीच दाबली की ळ. जेच्या कळेवर र, आणि शिफ्टसोबत ऱ. हा ऱ नीट आला नाही तर डोंगरातल्या दऱ्यांचा दर्या होतो, आणि जेवणाचे पैसे आचाऱ्यांना द्यायचे ते आचार्यांना जातात.

पण शिफ्ट धरून दुसरी कळ दाबायची म्हणजे पुन्हा तीच गोची. त्यावर उपाय विंडोजमध्येच आहे, 'स्टिकी कीज'. शिफ्ट सलग पाच वेळा दाबली की ते सुरू करायचं का, असं विचारलं जातं. एकदा सुरू केलं की शिफ्ट दाबून सोडून द्यायची आणि मग सावकाश एन दाबायचा. ळ उमटतो. एक खाचखळगा सांगते: दोन कळा चुकून एकदम दाबल्या तर ही सोय आपोआप बंद होते. ते होऊ नये म्हणून सेटिंगमध्ये त्याची खूण काढून ठेवायची. आम्हाला हे कळेपर्यंत बाबांनी लॅपटॉपला बरेच शब्द ऐकवले.

शेवटी राहिला मजकूर. अर्जाची सुरुवात आणि शेवट दरवेळी तोच. रायटरमध्ये 'ऑटोटेक्स्ट' आहे. मजकूर एकदा निवडून कंट्रोल-एफ-३ दाबून त्याला छोटं नाव द्यायचं. नंतर ते नाव लिहून एफ-३ दाबलं की पूर्ण परिच्छेद समोर येतो. याचा एक फायदा मला सुचलाही नव्हता. ५ ऑक्टोबर २०२३ पासून आमची सौंसर तहसील छिंदवाडा जिल्ह्यातून निघून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आली. इतक्या वर्षांची सवय, लिहिताना हमखास 'जिला छिंदवाड़ा' असंच यायचं. आता एकदा दुरुस्त केलं की ते दुरुस्तच राहतं.

एवढं झाल्यावर कीबोर्डची मांडणी त्याच पानावरच्या 'सेव्ह'नं फाइलमध्ये ठेवून पेन ड्राइव्हवर घेतली. मेनू मात्र त्या फाइलमध्ये जात नाही, तो लिब्रेऑफिसच्या यूजर प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये असतो. त्याचीही प्रत काढली. लॅपटॉप बदलला तर बाबांना पुन्हा पहिल्यापासून शिकायला लागू नये.

पहिला अर्ज लिहायला त्यांना दोन तास लागले. आता पाऊण तास लागतो. पूर्वी हातानं दहा मिनिटांत व्हायचा, हेही ते दरवेळी सांगतात. पण रविवारी ओसरीवर पुन्हा माणसं बसतात. "गुरुजी, सवडीनं करा" म्हणतात आणि चहा पितात.

मागच्या पोळ्याला बाबांनी आत्याला पत्र लिहिलं. दर पोळ्याला लिहायचे, दोन वर्षं खंड पडला होता. आत्या मोबाइल वापरत नाही. पान छापून झाल्यावर मी म्हटलं, "बाबा, तुमची जुनी सही स्कॅन करून ऑटोटेक्स्टमध्ये ठेवते. एफ-३ दाबलं की येईल."

ते नाही म्हणाले. "ते सही करणारा हात आता नाही. आत्याले माहीत हाय ना. खोटी कायले पाठवू?" मग कागद पाटीवर ठेवला, मला एक कोपरा धरायला सांगितलं आणि डाव्या हातानं सही केली. वेडीवाकडी, ओळीच्या वर गेलेली. आत्यानं ते पत्र देवघरात ठेवलंय असं कळलं.

आपल्यापैकी बरेच जण नोकरीसाठी घरापासून लांब आहेत. घरच्यांना नवा फोन, नवा लॅपटॉप आपण हौसेनं देतो आणि "शिकून घ्या" म्हणून परत निघतो. या दिवाळीत घरी जाल तेव्हा एक तास त्यांच्या शेजारी बसा. हात लावू नका, फक्त बघा. कुठलं बोट पोचत नाही, कुठला शब्द समजत नाही, कशाला घाबरून थांबतात. मग बदला. वर्डमध्येही 'ऑप्शन्स'मधल्या 'कस्टमाइझ रिबन'च्या पानावर खाली कीबोर्डचे शॉर्टकट बदलायचं बटण आहे. नोटपॅड प्लस प्लसमध्ये 'शॉर्टकट मॅपर' आहे. सोय बहुतेक ठिकाणी असतेच, आपण ती स्वतःपुरती वापरतो.

आमच्या 'बाबा' मेनूत सहा कामं होती. गेल्या आठवड्यात फोन आला, सातवं हवंय: अक्षर लहान करा. मोठी अक्षरं केली की अर्ज दोन पानांवर जातो आणि लोकांना झेरॉक्सचे दुप्पट पैसे पडतात.