सात वाजताचा भोंगा

मैत्रिणींनो, एक साधा प्रश्न विचारते. काल संध्याकाळी सात ते साडेआठ या वेळात तुमच्या घरात कोण काय करत होतं? आठवून बघा हं. बहुतेक घरांतलं उत्तर थोड्याफार फरकानं एकच निघेल. टीव्हीवर मालिका चालू होती. घरचे साहेब ऑफिसातून येऊन सोफ्यावर मोबाइल चाळत होते. चिरंजीव अभ्यासाचं पुस्तक उघडून त्याच्या आडून दुसराच व्हिडिओ बघत होते. आणि आपण? कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता शाळेच्या ग्रुपवरची उद्याची सूचना वाचत होतो. एका छपराखाली चार माणसं, पण कोणाचा कोणाशी संबंध नाही.

खरं म्हणजे आपली सातारा-सांगली ही काही लोकलच्या मागे धावणारी गावं नव्हेत. पोवई नाक्यावरून राजवाड्याला जायला किती वेळ लागतो? सांगलीत गणपतीच्या देवळापासून आयर्विन पूल किती लांब? मुंबईची बाई दोन-तीन तास नुसत्या प्रवासात घालवते. आपल्याला ते तास मिळालेले आहेत. तरीसुद्धा हळदीकुंकवाला भेटलेली प्रत्येक जण एकच वाक्य म्हणते, "अगं बाई, वेळच मिळत नाही बघ!" मग हा वाचलेला वेळ जातो तरी कुठे?

या प्रश्नाचं एक उत्तर आपल्याच सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यानं शोधलं. कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. वस्ती जेमतेम तीन हजारांची. बहुतेक लोक शेती करणारे, नाहीतर साखर कारखान्यात कामाला जाणारे. करोनाच्या दिवसांत शाळा बंद झाल्या, अभ्यास मोबाइलवर आला आणि शाळा सुरू झाल्या तरी मुलांच्या हातातला मोबाइल काही सुटेना. वाचायचा कंटाळा, लिहायचा कंटाळा. शिक्षकांनी ही गोष्ट गावाच्या कानावर घातली. गावात चर्चा निघाली तेव्हा पुरुषमंडळींनी ती आधी हसण्यावारी नेली. मग बायकांची सभा घेतली. त्या सभेत बायकांनी कबूल केलं की आपणही मालिका आणि मोबाइल यांत फार गुंतलोय. १४ ऑगस्ट २०२२ ची ही गोष्ट. विजय मोहिते तेव्हा सरपंच होते. दुसऱ्याच दिवशी, स्वातंत्र्याच्या पंच्याहत्तरीच्या मुहूर्तावर, गावानं नियम सुरू केला. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजायचा, की टीव्ही बंद, मोबाइल बंद. साडेआठला दुसरा भोंगा वाजेपर्यंत मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, एकमेकांशी बोलायचं. सुरुवातीला आशाताई, अंगणवाडीच्या सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर जाऊन आठवण करून देत.

आपल्या भागात भोंगा काही नवा नाही. साखर कारखान्याचा भोंगा झाला की माणसं पाळीवर निघतात. भोंगा म्हणजे "चला, कामाला लागा!" हेच आपल्या कानांना ठाऊक. या गावानं त्याच भोंग्याला "आता थांबा" म्हणायला लावलं, याची मला फार गंमत वाटली.

आणि हे जमलं त्याचं कारण नीट बघण्यासारखं आहे. आपण एकट्याने निश्चय करतो, "उद्यापासून मोबाइल कमी." तो निश्चय तीन दिवस टिकतो. आपल्या घरचा टीव्ही बंद केला, तर पोरगा शेजारच्या काकूंकडे जाऊन बसतो. इथे मात्र सगळ्या गावाचा टीव्ही एकाच वेळी बंद! मग कुणाचं काही चुकत नाही, कुणाला कुणाचा हेवा वाटत नाही. थांबायचं असेल तर सगळ्यांनी मिळून थांबावं लागतं.

ही गोष्ट आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीही एकदा सिद्ध झालेली आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत एके काळी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले आणि आठवड्याची सुट्टी अशी नव्हतीच. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि सुट्टीची मागणी लावून धरली. (फुल्यांच्या घराण्याचं मूळ गाव आपल्या सातारा जिल्ह्यातलं कटगुण, हे जाता जाता सांगते.) १८९० च्या एप्रिलमध्ये दहा हजारांच्या आसपास कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही उभ्या राहून बोलल्या. त्या काळात, विचार करा! त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपल्या घरची मंडळी रविवारी उशिरापर्यंत लोळतात, त्यामागे इतकी खटपट आहे.

पण मैत्रिणींनो, आता खरी मेख सांगते. तो रविवार गिरणीत आला, कचेरीत आला, शाळेत आला. स्वयंपाकघरात आला का? रविवारी तर उलट नाश्त्याला पोहे, दुपारी काहीतरी चमचमीत आणि संध्याकाळी पाहुणे.

हे मी नुसतं मनाचं सांगत नाही. सरकार माणसं दिवसाचे चोवीस तास कसे घालवतात याची पाहणी करतं. २०२४ च्या पाहणीत असं दिसलं की घरच्या बिनपगारी कामात बाईची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात आणि पुरुषाची ८८. म्हणजे आपले जवळजवळ पाच तास आणि त्यांचा दीड तासही पुरता नाही. शिवाय ही सरासरी घरकामाला हात लावणाऱ्यांचीच हं. जे हातच लावत नाहीत, ते या हिशेबात धरलेलेच नाहीत! मुलांचं आणि म्हाताऱ्या माणसांचं करणं, ते वेगळं मोजलेलं आहे.

आता परत वडगावच्या भोंग्याकडे या. सात ते साडेआठ. ही वेळ कशाची? कणीक मळायची, भाजी फोडणीला टाकायची, भाकऱ्या थापायची. घरातल्या सगळ्यांनी शांत बसून पुस्तक वाचायची जी वेळ, तीच आपली चुलीपुढची वेळ. तेव्हा घराची गती कमी करायची म्हटलं, की बाईची गती दुप्पट करायची, असं तर होत नाही ना, हे आधी बघायला हवं.

आमच्या घरी मागच्या वर्षी हा प्रयोग सुरू केला. भोंगा कुठला, मोबाइलचाच गजर लावला. पहिल्या दिवशी गजर झाला, चारही मोबाइल कपाटावर गेले, टीव्ही बंद. हे आणि दोन्ही मुलं बाहेरच्या खोलीत कॅरम मांडून बसले. हसण्याखिदळण्याचा आवाज येत होता. मी आत पोळ्या लाटत होते. आमच्या सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांचं माहेर खानापूरकडचं, बोलणं रोखठोक. बाहेर बघून म्हणाल्या, "काय रे, भोंगा काय निम्म्याच घराचा झाला का?" हे उठले. मुलंही उठली. त्या दिवशी पोळ्या जरा जाड-बारीक झाल्या, पण साडेसातला सगळे एकदम पाटावर होतो.

त्यानंतर आम्ही बसून घडी बसवली. तुम्हाला उपयोगी पडेल म्हणून सांगते.

पहिलं, गजराच्या आधीच निम्मी तयारी. कणीक साडेसहाला मळून झाकून ठेवायची. मळणारी व्यक्ती दर वेळी मीच असायला हवी असं नाही. मुलगा आठवीत आहे, त्याला उत्तम मळता येते. धाकटी मटार सोलते, पालेभाजी निवडते आणि तिच्या तोंडची शाळेची हकीकत याच वेळी बाहेर पडते. एरवी "आज काय झालं गं?" विचारलं तर "काही नाही" एवढंच उत्तर.

दुसरं, संध्याकाळचं जेवण साधं. आठवड्यातून तीन दिवस एकच पदार्थ. मुगाची खिचडी आणि कढी, पिठलं-भाकरी, नाहीतर थंडीत हुलग्याचं माडगं. आपल्या आज्या माडग्यावर घर जेवू घालत होत्या, कुणी नाव ठेवलं नाही. चटण्या रविवारी करून ठेवल्या की आठवडाभर आधार होतो.

तिसरं, जेवणानंतरची आवराआवर साहेबांकडे. इथे एक सूचना. त्यांनी घासलेल्या कढईकडे पुन्हा वळून बघायचं नाही आणि गुपचूप परत घासायची तर मुळीच नाही. नाहीतर ते काम फिरून आपल्याचकडे येतं.

चौथं, शाळेच्या आणि कामाच्या निरोपांना वेळ ठरवून द्या. मी शिकवते तिथे रात्री नऊ-दहालाही सूचना येत असत. मी विनंती केली की सातनंतर आलेला निरोप मी सकाळी वाचेन, अगदी तातडीचं असेल तर फोन करावा. आजवर तातडीचा फोन एकदाच आला.

आता कामाबद्दल थोडं. "घराला वेळ हवा" असं कुणी म्हटलं, की पहिली नजर बाईच्या नोकरीकडे वळते. "तू सोड की तुझी शाळा, चार पैशांसाठी कशाला दमतेस?" हे प्रेमानंच बोललं जातं, त्यामुळे उत्तर द्यायला अवघड जातं. मला गेल्या जूनमध्ये संध्याकाळच्या शिकवणीची विचारणा झाली. पैसे बरे होते, मुलाच्या पुढच्या शिक्षणाला लागणारच. घरात एक मत असं पडलं की शिकवणी नको आणि सकाळची शाळाही कमी कर. मी कागद घेतला. एका बाजूला माझी कमाई लिहिली, दुसऱ्या बाजूला माझे तास. मग घरातल्या प्रत्येकाचे तास लिहिले, टीव्ही-मोबाइलसकट. कागद सगळ्यांपुढे ठेवला, बोलले काहीच नाही. शेवटी शिकवणी शनिवारी सकाळी घ्यायचं ठरलं. त्या वेळी हे घरी असतात, ते मुलांचं बघतात. शाळा जशी होती तशीच आहे.

तेव्हा घाईघाईने हातचं काम सोडू नका, हे माझं आग्रहाचं सांगणं. स्वतःची कमाई एकदा सुटली की परत धरायला फार जड जाते. वेळ काढायचा तर सगळ्यांच्या वाट्यातून थोडा थोडा काढावा. ज्या मैत्रिणीचं दुकान रात्री नऊला बंद होतं, किंवा जिची दवाखान्यात पाळी असते, तिला सातचा भोंगा कसा परवडेल? तिने सकाळचा अर्धा तास धरावा, नाहीतर रविवारची दुपार. वेळ कोणती, हे महत्त्वाचं नाही. ती ठरलेली हवी आणि त्यात घरचे सगळे हवेत.

सुट्टीच्या दिवशी बाहेर पडायचं असेल तर एक जागा सुचवते. पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवर आपल्या सातारा जिल्ह्यातलं भिलार. स्ट्रॉबेरीचं गाव म्हणून आधीच नाव होतं. ४ मे २०१७ पासून ते "पुस्तकांचं गाव" झालं. वेल्समध्ये हे-ऑन-वाय नावाचं पुस्तकांच्या दुकानांचं गाव आहे, तिथून ही कल्पना आली. फरक एवढाच की तिथे पुस्तकं विकतात आणि भिलारमध्ये ती नुसती बसून वाचायची. सुरुवातीला पंचवीस ठिकाणी, लोकांच्या राहत्या घरांत, देवळात, शाळेत हजारो मराठी पुस्तकं मांडली गेली. कुठे कथा-कादंबऱ्या, कुठे कविता, कुठे बालसाहित्य. कुणाच्या तरी ओसरीवर बसायचं, पुस्तक उघडायचं, कुणी "उठा" म्हणत नाही. जाताना डबा मात्र सगळ्यांनी मिळून भरा. नाहीतर पहाटे चारला उठून पुऱ्या तळणारी आपणच आणि तिथे पोचल्यावर पुस्तकावर डुलक्या घेणारीही आपणच.

येत्या सोमवारपासून करून बघा. दीड तास जमत नसेल तर अर्ध्या तासापासून सुरू करा. पहिले चार दिवस मुलं कुरकुर करतील, मोठी माणसं त्याहून जास्त करतील. पाचव्या दिवशी कुणीतरी आपणहून कॅरम काढेल. तेव्हा गॅस बंद करा, हात पुसा आणि तुमचीही एक जागा मांडून घ्या.