लसीचा थंडावा आणि लसीची नोंद

पावसाळ्याच्या तोंडावर जनावरांना घटसर्प व फऱ्या या रोगांच्या लसी टोचून घेण्याची पद्धत आता बहुतेक पशुपालकांच्या अंगवळणी पडली आहे. हे रोग पावसाबरोबर डोके वर काढतात, आणि लस टोचल्यावर अंगात प्रतिकारशक्ती येण्यास दोन ते तीन आठवडे लागतात. म्हणून लस आधीच टोचणे भाग असते. वर्धा जिल्ह्यातील सेलू तालुक्यात मात्र हाच काळ कडक उन्हाचा असतो. मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या घरात जातो. जी लस २ ते ८ अंशांच्या दरम्यान राहावयास हवी, ती नेमकी याच दिवसांत केळझर, हिंगणी, सिंदी अशा गावांकडे न्यावी लागते. लसीकरणाचे यश बऱ्याच अंशी या प्रवासावर अवलंबून असते.

लस कशाने बिघडते?

लाळ-खुरकुताच्या लसीत मारलेल्या विषाणूंचे अखंड कण असतात. उष्णतेने हे कण तुटतात आणि लसीचा जोर ओसरतो. ही हानी साठत जाते. सकाळी अर्धा तास व दुपारी एक तास लस उन्हात राहिली, तर दोन्ही वेळचे नुकसान एकत्र होते. तापलेली बाटली पुन्हा बर्फात ठेवल्याने गेलेला जोर परत येत नाही.

उन्हाची धास्ती घेऊन लस गोठू देणे हेही तितकेच घातक होय. तेलमिश्रित लस गोठली की तिचे मिश्रण फुटते. अशी लस वापरू नये. शेळ्यांची देवी किंवा पी.पी.आर. यांच्या सुकविलेल्या जिवंत लसींची गोष्ट वेगळी आहे. त्या कोरड्या असताना गोठणबिंदूखालीही टिकतात. परंतु द्रावणात कालविल्यानंतर त्या थंड ठेवून सूचनापत्रात सांगितलेल्या वेळातच संपवाव्या लागतात.

यात अडचण अशी की, उन्हाने निकामी झालेली लस पुष्कळदा चांगल्या लसीसारखीच दिसते. दूध नासले की कळते, लस नासलेली कळत नाही. ती टोचूनही बैलास घटसर्प झाला, तर रोग एक-दोन दिवसांतच त्याचा बळी घेतो आणि ऐन पेरणीत गवळाऊ बैलांची जोडी फुटते. त्याहून मोठे नुकसान म्हणजे पुढील वर्षी ते गाव लस टोचून घेण्यासच तयार होत नाही.

प्रवासात घ्यावयाची काळजी

१. दवाखान्यातील शीतपेटीचे तापमान सकाळ-संध्याकाळ पाहून वहीत लिहावे. लस दारातील खणात वा बर्फाच्या कप्प्याला लागून ठेवू नये.

२. बर्फाच्या थैल्या गोठणयंत्रातून काढल्याबरोबर लसीच्या डब्यात ठेवू नयेत. हलविल्यावर आत बर्फ व पाणी खळखळू लागले म्हणजे त्या योग्य झाल्या असे समजावे. डब्यात लहान तापमापक अवश्य असावा.

३. लसीकरण पहाटे सुरू करून ऊन चढण्यापूर्वी आटोपावे. मोटारसायकलवरून नेताना डब्यावर उन्हाची तिरीप पडू देऊ नये.

४. डबा झाडाच्या सावलीत ठेवावा. एका वेळी एकच बाटली काढावी व झाकण लगेच लावावे.

५. गावकऱ्यांनी आदल्या रात्रीच जनावरे एका ठिकाणी बांधून ठेवावीत. जनावरे गोळा होण्याची वाट पाहण्यात डबा जितका वेळ उघडझाक होईल, तितका लसीचा जोर घटेल.

नोंद कशासाठी?

प्रत्येक बाटलीवर उत्पादकाचे नाव, तुकडी क्रमांक व मुदत संपण्याची तारीख छापलेली असते. जनावराच्या कानातील बिल्ल्यावर १२ अंकी क्रमांक असतो. लाळ-खुरकूत व सांसर्गिक गर्भपात यांच्या निवारणासाठी २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात या बिल्ल्याच्या आधारे संगणकावर नोंद घेण्यात येते. कोणत्या तुकडीची लस कोणत्या दिवशी कोणत्या जनावरास टोचली, हे लिहिलेले असले म्हणजे लसीचा माग लागतो.

समजा, लस टोचून दीड महिना लोटल्यावर एका गावात रोग आला. त्याच तुकडीची लस टोचलेल्या इतर गावांतही तसेच घडले असेल, तर दोष त्या तुकडीत किंवा वरच्या साठ्यात शोधावा लागेल. इतर गावे सुरक्षित असतील, तर त्या एका गावापर्यंतचा प्रवास तपासावा लागेल. टोचल्यानंतर आठवड्याभरातच रोग आला असेल, तर प्रतिकारशक्ती येण्यापूर्वीच त्याने गाठले असण्याचा संभव अधिक. नोंद नसेल, तर सर्व दोष सरसकट लसीवर जातो व खरे कारण तसेच राहते. कानातील बिल्ला काढून टाकणारा पशुपालक हा माग आपल्याच हाताने पुसतो.

बुळकांडीचा धडा

एके काळी गोठेच्या गोठे ओस पाडणाऱ्या बुळकांडी रोगाचे जगातून उच्चाटन झाल्याचे २०११ साली जाहीर झाले. जुनी लस बर्फावाचून दूरच्या मुलखात पोचत नसे. काही आठवडे बर्फावाचून टिकणारी लस तयार झाल्यावर आफ्रिकेतील दुर्गम भागांतील काम सुकर झाले. लाळ-खुरकुताच्या लसीला अशी सवलत नाही. तिला थंडावा हवाच.

म्हणून लसीकरणाच्या दिवशी पशुपालकाने डब्यातील तापमापक दाखविण्यास सांगावे आणि तुकडी क्रमांक आपल्या वहीत उतरवून घ्यावा. कार्यकर्त्यानेही हा अविश्वास न मानता आनंदाने दाखवावा. डबा तापलेला आढळल्यास ती लस बाजूला ठेवून नव्या लसीसाठी दुसऱ्या दिवशी यावे. एक फेरी वाया गेली तरी चालेल. निकामी लस टोचून गाव निर्धास्त राहणे हे अधिक महागात पडते.