हेस्टिंग्जची लढाई (१०६६): पुरावा कसा तपासावा?

प्रस्तावना

१४ ऑक्टोबर १०६६ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ सॅक्सन राजा हॅरॉल्ड गॉडविनसन आणि नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम यांच्यात लढाई झाली. हॅरॉल्ड मारला गेला आणि विल्यम इंग्लंडचा राजा झाला. एवढे सर्वांना मान्य आहे. पण सैन्य किती होते, लढाई नेमकी कुठे झाली, हॅरॉल्डला मृत्यू कसा आला, असे विचारले की साधनांची उत्तरे जुळत नाहीत. अशा वेळी प्रत्येक उत्तर कशाच्या आधारावर उभे आहे हे कसे तपासायचे, ते या पाठात पाहू.

१. लिहिणारा कोण?

लढाईची सविस्तर वर्णने बहुतेक जिंकणाऱ्या बाजूची आहेत. पॉइटियर्सचा विल्यम हा ड्यूकच्या पदरी असलेला धर्मगुरू. त्याने १०७० च्या दशकात ग्रंथ लिहिला. तो स्वतः रणांगणावर नव्हता. आपल्या धन्याचा गादीवरचा हक्क पटवून देणे हा त्याचा उघड हेतू. याउलट अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल या इंग्रजी बखरीत लढाईला जेमतेम काही ओळी मिळाल्या आहेत.

मग जेत्याचे लिखाण बाजूला ठेवायचे का? तसे केले तर हाती फारसे काही उरणार नाही. त्याऐवजी एक कसोटी वापरावी: लेखकाच्या हेतूला अडचणीची असलेली माहिती जास्त भरवशाची. नॉर्मन फौजेची एक बाजू मोडून पळाली, ड्यूक मेल्याची अफवा उठली आणि त्याला शिरस्त्राण वर करून तोंड दाखवावे लागले, हे खुद्द या धर्मगुरूनेच नोंदवले आहे. शिरस्त्राण वर करण्याचा प्रसंग बायो टॅपेस्ट्रीतही दिसतो.

२. आकडा जागेत बसतो का?

याच ग्रंथात नॉर्मन सैन्याचा ६०,००० हा आकडा येतो. अभियांत्रिकीच्या वर्गात आपण उत्तर आले की त्याचा अंदाज घेतो. इथेही तेच करू. सॅक्सन सैन्य ज्या टेकडीच्या धारेवर उभे होते असे मानतात, तिची लांबी साधारण ७५० मीटर धरा. ढालीला ढाल लावून दर मीटरला एक माणूस उभा केला, तर एका रांगेत ७५० माणसे. आठ ते दहा रांगा धरल्या, तर ६,००० ते ७,५००. तेवढ्याच रुंदीत ६०,००० माणसे मांडायला ८० रांगा लागतील. आजचे इतिहासकार दोन्ही बाजूंना प्रत्येकी सुमारे ५,००० ते ८,००० सैनिक धरतात.

३. जागा तरी तीच का?

वरचे गणित जागेवर अवलंबून आहे. जागा चुकली तर आकडाही बदलेल. हेस्टिंग्जपासून सुमारे १० किलोमीटरवर बॅटल या गावी विल्यमने मठ बांधला. विजय मिळाला त्याच ठिकाणी त्याने मठ उभारला, असे अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकलमध्ये १०८७ च्या नोंदीत आहे. बांधकामाला ही उताराची जागा गैरसोयीची होती; तरीही तीच निवडली, हाही एक आधार. मात्र या लढाईचेच म्हणता येतील असे निर्विवाद अवशेष तिथे मिळालेले नाहीत. म्हणून काही संशोधकांनी जवळच्या कॅल्डबेक टेकडीसारखे पर्याय सुचवले आहेत.

४. डोळ्यातला बाण

बायो टॅपेस्ट्री म्हणजे लिननच्या कापडावर लोकरीच्या धाग्यांनी केलेले सुमारे ७० मीटर लांबीचे भरतकाम. त्यात हॅरॉल्ड मारला गेल्याची लॅटिन ओळ दोन आकृत्यांवर पसरली आहे. एकीच्या डोळ्याजवळ बाण आहे, दुसरीला घोडेस्वार तलवारीने तोडतो आहे. यातला हॅरॉल्ड कोणता? शिवाय १७२९ साली काढलेल्या चित्रात पहिल्या आकृतीच्या हातात पिसे नसलेली काठी दिसते. पिसांचा बाण एकोणिसाव्या शतकातील चित्रांत दिसू लागतो. लढाईवरच्या एका जुन्या लॅटिन काव्यात तर चौघांनी मिळून राजाला मारल्याचे वर्णन आहे. म्हणून ‘बाण लागून मेला’ असे लिहिताना ‘एका परंपरेनुसार’ हे शब्द जोडणे आवश्यक आहे.

सारांश

लढाईची तारीख आणि निकाल पक्के आहेत. जागा बहुधा पारंपरिक तीच आहे. सैन्याचा आकडा त्या जागेवर टेकलेला अंदाज आहे, आणि मृत्यूचा प्रकार अनिश्चित आहे. प्रकल्प अहवाल लिहिताना या चार पायऱ्या एकाच ठामपणे लिहू नका. मोजमापासोबत आपण त्रुटीची मर्यादा देतो, तशी विधानासोबत त्याच्या खात्रीची पातळीही द्या.

स्वाध्याय

हॅरॉल्डने २५ सप्टेंबरला उत्तरेत यॉर्कजवळ स्टॅमफर्ड ब्रिज येथे नॉर्वेच्या सैन्याला हरवले. तेथून लंडनमार्गे बॅटलपर्यंतचे अंतर सुमारे ४०० किलोमीटर धरा.

१. सैन्याचा दररोजचा सरासरी वेग काढा.

२. वाटेत पाच दिवस मुक्काम धरल्यास वेग किती होईल?

३. तोच वेग पायदळ आणि घोडेस्वार या दोघांना शक्य वाटतो का? तुमचे गृहीतक स्पष्ट लिहा.