पणतीच्या उजेडातला हिशेब

वाड्याच्या ओट्यावरच्या पणत्या आणि त्या लावणारी माणसे, फ्लॅश न वापरता टिपायची, हा माझा जुना हट्ट. पण कॅमेऱ्याबरोबर आलेले झूम भिंग ५० मिलिमीटरच्या आसपास एफ/५.६ पलीकडे उघडत नसे; माणसे हललेली येत. एफ/१.८ चे प्राइम भिंग, म्हणजे झूम न होणारे, त्याच्या सुमारे दहापट उजेड घेते. एफ/१.४ चा मोह मलाही पडला. पण त्याने उजेड वाढतो दीडपटीहून थोडा अधिक, किंमत मात्र पुष्कळच. शिवाय एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५० चे भिंग ७५ सारखे दिसते; खोलीत मागे सरता सरता पाठ भिंतीला टेकते. घरासाठी ३५ चे बरे. खात्री हवी तर झूम ३५ वर ठेवून आठवडाभर काढून पाहावे.

हा हिशेब चोख होता. पुढे दोन दिवाळ्या मी सवलतीची वाट पाहिली. भाव थोडा उतरला, तोवर वाडाच उतरवला गेला होता!

वाचकहो, भिंग सावकाश निवडा. पण घ्यायची वेळ बाजाराला विचारू नका. ज्याचे चित्र काढायचे, त्याला विचारा.