पेटीची दुसरी किल्ली

नातेपुत्यात माझ्या टेबलाच्या खणात एक शंभरपानी वही असते. मध्यस्थीची बैठक झाली की त्याच रात्री मी तीत लिहितो. पक्षकारांची नावं आणि गट नंबर गाळून, मी काय बोललो, कधी बोललो आणि तेव्हा पोटात काय झालं, एवढंच. महिन्यातून एकदा ती वही घेऊन ज्येष्ठ मध्यस्थ बाईंसमोर बसतो. तंटा मिटला का, हे त्या शेवटी विचारतात. आधी विचारतात, "इथं तुम्ही का बोललात?"

दोन भावांचं प्रकरण होतं. ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत. सामाईक विहीर, एकच मोटर, दोघांचा ऊस. मी तीन-तीन दिवसांची नवी पाळी सुचवली. रात्रीची लाईट कुणाच्या वाट्याला कधी येईल, तेही कागदावर मांडलं. थोरला गप्प. मी म्हणालो, "मग चार-तीन करू या का?" तो उठूनच गेला.

वहीत लिहिलं, 'थोरला अडेल आहे.' बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "किती वेळ गप्प होता?"

मला दोन मिनिटं वाटली होती. आठवून पाहिलं, तर दहा-बारा सेकंदही नसतील.

"ते कुणाला सोसलं नाही?"

माझे वडील आणि चुलते बांधावरून कित्येक वर्षं बोलत नव्हते. जेवताना वडील असेच गप्प होत आणि मग ताट सरकवत. ती शांतता मोडायचं काम घरात माझं होतं. मध्यस्थाच्या चाळीस तासांच्या प्रशिक्षणात मौन राखायला शिकवलं होतं. मला ते का राखवत नाही, हे या वहीमुळं कळलं. २००७ च्या तंटामुक्त गाव मोहिमेपासून मिटलेल्या तंट्यांची मोजदाद आपण केली. मिटवणाऱ्याच्या घाईची कुणी केली नाही, याची मला खंत आहे.

पुढच्या बैठकीत थोरला पुन्हा थांबला. मी टेबलाखाली बोटं गुंफून बसलो.

"स्टार्टरची पेटी याच्या हद्दीत," तो म्हणाला. "कुलूप याचं. पाळी माझी, तरी रात्री दोनला मी याच्या दारात उभा राहून हाका मारायच्या."

धाकटा खाली बघत होता. "दादा, केबल चोरीला जाती म्हणून लावलं कुलूप."

पाळी जुनीच राहिली. बाजारच्या दिवशी धाकट्यानं पेटीची दुसरी किल्ली करून घेतली.