फुकट विद्येचा खर्च

विद्येचा विक्रय करूं नये, असें आपल्या घराघरांतून मुलांना सांगण्यांत येतें. संगीताच्या बाबतींत तर ही अपेक्षा विशेषच असते. परंतु फुकट शिकविणाऱ्याच्या घरची चूल कशी पेटते, याची चौकशी फारसें कोणी करीत नाहीं. या महिन्यांत आम्ही वाचकांपुढें तोच विषय मांडीत आहों. आणि त्यासाठीं पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांच्या चरित्राइतकें बोलकें उदाहरण आम्हांस दुसरें दिसत नाहीं.

बुवांचा जन्म १८७२ सालीं कुरुंदवाडास झाला. लहानपणीं फटाक्याच्या दारूनें त्यांची दृष्टि अधू झाली. पुढें मिरजेच्या संस्थानिकांच्या आश्रयानें बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशीं त्यांचें शिक्षण झालें. १८९६ त त्यांनीं मिरज सोडली, आणि ५ मे १९०१ रोजीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिलें. राजाच्या पदरीं न राहतां फी, देणग्या व तिकीट लावून केलेले जलसे यांवर गायनशाळा चालविणें, हें त्या काळीं धाडसच होतें. कारण गवयाचें गाणें ऐकावें, पण आपला मुलगा त्याच्याकडे धाडूं नये, अशी तेव्हां प्रतिष्ठित घरांची रीत असे.

या शाळेंत फी देऊन शिकणारे होते, तसेच 'उपदेशक' वर्गाचे विद्यार्थीहि होते. या दुसऱ्यांनीं नऊ वर्षें गुरूजवळ राहावयाचें; त्यांचें अन्न, निवारा व शिक्षण बुवांच्या शिरावर; आणि पुढें गांवोगांव जाऊन संगीताचा प्रसार करावयाचा, असा करार असे. नऊ वर्षें म्हणजे किती, हें जिला रोज पंधरा पानें वाढावीं लागतात त्या गृहिणीस सांगण्याचें कारण नाहीं! शिवाय पुस्तकें छापणें, 'संगीतामृत प्रवाह' मासिक काढणें, हे खर्च निराळेच. १९०८ सालीं विद्यालय मुंबईस आलें, स्वतःची इमारत उभी राहिली, आणि तिच्याबरोबर कर्जहि उभें राहिलें. बुवा दौरे करीत, जलशांचें उत्पन्न कर्जांत घालीत. पुढें त्यांचें मन रामनामाकडे वळलें, नाशिकास आश्रम निघाला; आणि १९२४ च्या सुमारास मुंबईची ती इमारत लिलांवांत गेली.

कित्येकजण याचा दोष बुवांच्या अव्यवहारी स्वभावास देतात. आम्हांस तें पुरतें पटत नाहीं. ज्या शहरानें त्यांचे जलसे भरभरून ऐकिले, त्याला ती इमारत राखतां आली नाहीं, हेंहि ध्यानांत घेतलें पाहिजे. मात्र फुकट जेवलेलीं तीं मुलें वायां गेलीं नाहींत. १९३१ च्या ऑगस्टांत बुवा निवर्तले, आणि त्याच वर्षीं शिष्यांनीं गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिलें. पुढच्या वर्षीं विनायकराव पटवर्धनांनीं पुण्यास विद्यालय काढिलें. ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बा. र. देवधर हे सारे त्याच पंक्तींतले.

मिरजेंत मीरासाहेबांच्या दर्ग्यांत उरुसाच्या वेळीं खांसाहेब अब्दुल करीमखां यांच्या स्मरणार्थ गाणें होतें. तेथें नामवंत कलावंत सेवा म्हणून बिदागीवांचून गातात, आणि श्रोत्यास तिकीट नाहीं. हा प्रकार वर्षांतून कांहीं रात्रींचा असल्यामुळें निभतो. रोजच्या शिक्षणाची गोष्ट वेगळी.

वेगळी कशी, तें पाहण्यास नवापूर तालुक्यांतील चिंचपाड्याकडे वळावें. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील या भागांत कोकणा, मावची व इतर आदिवासी मंडळींची वस्ती आहे. भोपळा व बांबूच्या नळ्यांची पावरी, तसाच ढोल, हीं पोरें वडीलधाऱ्यांच्या मागें नाचतां नाचतांच शिकतात. फी नाहीं, वही नाहीं, परीक्षा नाहीं. पण डोंगऱ्यादेवाचा उत्सव येतो मार्गशीर्षांत, होळी फाल्गुनांत. आणि ऊसतोडीचा हंगाम नेमका याच महिन्यांवरून जातो. जें कुटुंब कोयता घेऊन गुजराथेकडे किंवा देशावर गेलें, त्याच्या मुलाची त्या वर्षीची शाळा बुडते तशी पावरीहि बुडते. तेव्हां या भागांत कोणी विनामूल्य संगीतवर्ग काढूं म्हणेल, तर त्यानें पेटी-तबला नेण्यापूर्वी गांवांतला पावरी वाजविणारा शोधावा, त्याच्या दिवसाची मजुरी भरून द्यावी, आणि वर्ग पावसाळ्यांत, माणसें घरीं असतांना भरवावा.