कसला मोर्चा आहे गं? बंगळुरू, मुंबई, पुणे आणि आमचं स्वयंपाकघर

ट्रेनमध्ये उभं राहून ऐकत असाल तर आधी दांडी घट्ट धरा. मागे जी घरघर ऐकू येतेय ती बाळकुम नाक्यावरच्या मेट्रोच्या कामाची. रात्री साडेअकराला रेकॉर्ड करतेय, तरी थांबत नाही. एडिटिंगमध्ये काढून बघितली, तर माझाच आवाज रोबोटसारखा झाला. असू दे.

आज प्राइडबद्दल. पहिल्यांदा जायचंय, तिथे नक्की काय असतं, कुणी ओळखीचं भेटलं तर काय, असे बरेच मेसेज आलेत. मी आत्तापर्यंत तीन शहरांत चाललेय. पण हा सगळा प्रकार मला सगळ्यात नीट समजावून सांगावा लागला तो आईला, स्वयंपाकघरात गवार मोडताना. तिचे प्रश्न तुमच्या प्रश्नांपेक्षा चांगले होते, राग मानू नका. त्यांच्याकडे येतेच. आधी ती वेळ कशी आली ते सांगते.

पहिली प्राइड बंगळुरूची, २०१९ चा नोव्हेंबर. बीटेक संपून पहिली नोकरी लागली होती, पीजीत राहायचे. तिथल्या प्राइडला नम्मा प्राइड म्हणतात, नम्मा म्हणजे आपली. मॅजेस्टिकजवळच्या तुळसी पार्कपासून टाउन हॉलपर्यंत चालत जायचं होतं. मला वाटलेलं, आयटीतली पोरं असतील, इंग्रजी बोर्ड असतील. ते होतेच, पण पुढे होत्या हिजडा समाजातल्या बायका. नटूनथटून, गजरे माळून, मोठ्याने घोषणा देत. शेवटी भाषणं झाली ती बरीचशी कन्नडमध्ये. मला 'बेकू' आणि 'बेडा' सोडून काही कळलं नाही. तरी मी त्या दिवशी जितकी मोकळी होते तितकी आधी कधीच नव्हते. आता विचार केला की वाटतं, न कळण्याचाच तो फायदा होता. तिथे मला ओळखणारं कुणी नव्हतं आणि मला विचारलं जाईल असं काही माझ्या भाषेत नव्हतं.

मग कोविड आला, लॅपटॉप घेऊन मी बाळकुमला परत आले ती इथेच राहिले.

फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईची प्राइड कोविडनंतर पहिल्यांदा रस्त्यावर उतरली, ऑगस्ट क्रांती मैदानातून. आम्हा ठाणेकरांचा मार्ग ठरलेला: दादरला उतरायचं, पूल चढून वेस्टर्नला जायचं, ग्रँट रोडला उतरून चालायचं. घरी सांगितलं, ऑफिसचं गेट-टुगेदर आहे. कुर्ता घालून निघाले, टी-शर्ट बॅगेत. दादरच्या पुलावर आणखी दोन मुली दिसल्या, साध्या कपड्यांत, फुगलेल्या बॅगा घेऊन. आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि लगेच मोबाइलमध्ये डोकं घातलं. तासाभराने त्याच दोघी मैदानात इंद्रधनुषी झेंडा पांघरून नाचत होत्या.

मुंबईच्या प्राइडला गर्दी प्रचंड असते. मैदानातून निघून नाना चौक, केनेडी ब्रिज, ऑपेरा हाउस असं फिरून परत मैदानात. ढोल असतात. जुन्या चाळींच्या गॅलरीत आज्या उभ्या असतात, काही हात हलवतात, काही नुसत्या बघतात. घोषणा हिंदी-इंग्रजीत. त्या मी घसा बसेपर्यंत दिल्या.

आणि मग पुणे. त्याच वर्षीचा जून, पाऊस अजून यायचा होता. संभाजी बागेतून निघालो, जंगली महाराज रस्ता, डेक्कन, फर्ग्युसन रस्ता. मुंबईपेक्षा लहान, आटोपशीर मिरवणूक. गुडलक चौकाच्या आसपास आम्ही सिग्नलला थांबलो होतो. फुटपाथवर एक काकू उभ्या होत्या, हातात भाजीची पिशवी, त्यातून कोथिंबीर डोकावतेय. त्यांनी माझ्याकडे बघून अगदी सहज विचारलं, "कसला मोर्चा आहे गं?"

आणि मंडळी, माझ्या तोंडून शब्द फुटेना.

इंग्रजीत मी अर्धा तास बोलले असते. हिंदीत घोषणा पाठ होत्या. पण मराठीत, आईच्या वयाच्या बाईला, त्याच सुरात काय सांगायचं? 'समलिंगी' म्हटलं की वाटतं आपण निवृत्त न्यायाधीश आहोत. 'एलजीबीटी' म्हटलं तर त्या म्हणाल्या असत्या, ही कुठली बँक? शेवटी मी म्हणाले, "हक्कांचा मोर्चा आहे, काकू." "कुणाच्या?" "आमच्या." "बरं बरं, मिळायला पाहिजेत हो," म्हणाल्या आणि रस्ता ओलांडून गेल्या. पेन्शनवाल्यांचा मोर्चा समजल्या असतील, किंवा एमपीएससीवाल्यांचा. पुण्यात तो जास्त शक्य आहे.

याचं वाईट वाटण्याचं आणखी एक कारण आहे. याच पुण्यात बिंदुमाधव खिरे नावाच्या माणसाने २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला. ते आधी अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये होते, म्हणजे आपल्याच जातकुळीतले. परत येऊन त्यांनी या विषयावर मराठीत पुस्तकं लिहिली, हेल्पलाइन चालवली. पुण्याची पहिली प्राइड ११ डिसेंबर २०११ ला निघाली तीही त्यांच्याच पुढाकाराने. म्हणजे शब्द होते. मीच ते कधी उचलले नव्हते.

पुढच्या फेब्रुवारीत परत मुंबई. येताना दादरला तोंड धुतलं, ठाण्याला परत धुतलं, शेअर रिक्षात केस सोडून बसले. तीन दिवसांनी आई माझ्या डोक्याला तेल लावत होती. कानामागे तिला चमकी सापडली. निळी. म्हणाली, "ऑफिसात काय गणपती बसवले होते?"

तेव्हा सांगितलं. "आई, मला मुली आवडतात" हे चार शब्दांचं वाक्य मी मराठीत पहिल्यांदा बोलले. ती तेल लावत राहिली. त्या रात्रीचं बाकीचं नाही सांगत, ते आमच्या दोघींचं आहे. ती रडली, मी रडले, दोन आठवडे घरात फक्त 'जेवलीस का' एवढंच बोलणं होतं. आणि मग एक दिवस गवार मोडता मोडता तिने प्रश्न सुरू केले.

पहिला प्रश्न: "पोलीस मारतात का?"

नाही गं, पोलीस असतात, दोरी धरून बाजूने चालतात, ट्रॅफिक थांबवतात. परवानगी काढलेली असते. ती मिळेलच असं नाही, हेही तिला सांगितलं. २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी ऑगस्ट क्रांती मैदानातून मोर्चा काढू दिला नव्हता. मग १ फेब्रुवारीला आझाद मैदानात एका जागी उभं राहून सभा झाली. सीएए-एनआरसीचे दिवस होते, तिथे दिलेल्या घोषणांवरून पन्नासएक जणांवर राजद्रोहाचा गुन्हा नोंदवला गेला. मी तेव्हा बंगळुरूत होते. आईचा हात थांबला. "आणि तू हे मला नुसतं गेट-टुगेदर म्हणून सांगून जात होतीस?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. तुम्ही पहिल्यांदा जाणार असाल तर निदान एका माणसाला खरं ठिकाण सांगून जा.

"पैसे कोण देतं?" हा पुढचा. आमच्या गल्लीत वर्गणीची पावती न फाडता काहीच होत नाही, त्यामुळे हा तिचा हक्काचा प्रश्न. मुंबईत क्विअर आझादी मुंबई म्हणून संस्थांचा आणि कार्यकर्त्यांचा मिळून गट आहे, तो देणग्या गोळा करतो, स्वयंसेवक राबतात. चालणाऱ्याला तिकीट नाही, आमंत्रण लागत नाही, तुम्ही कोण आहात हे कुणी विचारत नाही. नुसते मैत्रिणीसोबत आलेले पुष्कळ असतात. कंपन्यांचं म्हणाल तर माझी कंपनी जूनमध्ये लोगो रंगीत करते आणि जुलैत पुसते. मुंबईची मिरवणूक फेब्रुवारीत असते हे आमच्या एचआरला अजून कळलेलं नाही.

जून का, तर न्यू यॉर्कमुळे. २८ जून १९६९ ला तिथल्या स्टोनवॉल इन या बारवर पोलिसांची धाड पडली आणि लोकांनी उलट प्रतिकार केला. वर्षाने त्याच तारखेला मोर्चा निघाला. आपल्याकडचा पहिला मोर्चा कोलकात्यात, २ जुलै १९९९ ला. किती लोक? पंधरा. पिवळे टी-शर्ट घालून निघाले, नाव ठेवलं फ्रेंडशिप वॉक. आणि योगायोग बघा, आपल्या डोंबिवलीत गुढीपाडव्याची स्वागतयात्रा सुरू झाली तीही साधारण याच सुमारास. आईला हे सांगितल्यावर तिला गाडी रुळावर आल्यासारखी वाटली. ती दरवर्षी ठाण्याच्या यात्रेला कौपिनेश्वर मंदिराकडे जाते, नऊवारी, नथ, सगळं. "म्हणजे तसंच की. नटायचं, ढोल वाजवायचे, आपण आहोत म्हणून दाखवायचं."

जवळपास तसंच, म्हटलं. फरक एवढाच की यात्रेचा फोटो तू स्वतः स्टेटसला ठेवतेस.

मग कपड्यांचा प्रश्न आला, येणारच होता. "पेपरात दिसतात तसे सगळे अर्धे कपडे घालून असतात का?" नाही, बहुतेक जण माझ्यासारखे जीन्स-टीशर्टवर घामेजलेले असतात, पण कॅमेरा त्यांच्यापुढे थांबत नाही. यावरून आमच्यातच भांडणं झालीयत. २०१७ मध्ये खिरे यांनीच पुण्यात सभ्य कपडे घालून या असं आवाहन केलं, तेव्हा जोरदार वाद झाला. एक बाजू म्हणाली, लोकांना आपलंसं करायचं तर त्यांना बुजवू नका. दुसरी म्हणाली, आयुष्यभर 'असं बसू नको, असं चालू नको' ऐकलं, एका दिवशी तरी नको. मी दुसऱ्या बाजूची आहे. आई अर्थातच पहिल्या.

पण तिचा खरा प्रश्न नंतर आला. "अभिमान कसला गं त्यात? तू काही केलंस का?"

हा प्रश्न कॉमेंटमध्ये कुणी विचारला की मी चिडते. तिने विचारल्यावर चिडता आलं नाही, कारण तिला खरंच कळत नव्हतं. मी तिला सांगितलं की इंग्रजांनी १८६० मध्ये दंड संहिता केली, त्यातल्या कलम ३७७ खाली आमच्यासारख्यांचं प्रेम गुन्हा होता. मुंबईची पहिली प्राइड १६ ऑगस्ट २००८ ला, स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्याच दिवशी निघाली, आणि जिथून १९४२ मध्ये गांधीजींनी इंग्रजांना 'चले जाव' सांगितलं त्याच मैदानातून निघाली, ते उगाच नाही. २ जुलै २००९ ला, कोलकात्याच्या त्या पंधरा जणांना बरोबर दहा वर्षं झाली त्या दिवशी, दिल्ली उच्च न्यायालयाने आम्हाला गुन्ह्यातून सोडवलं. ११ डिसेंबर २०१३ ला, पुण्याच्या प्राइडच्या दुसऱ्या वाढदिवशी, सर्वोच्च न्यायालयाने परत आत टाकलं. ६ सप्टेंबर २०१८ ला कायमचं सोडवलं. "तेव्हा तू कॉलेजात होतीस," आई म्हणाली. हो. म्हणजे माझ्या एकविसाव्या वाढदिवसापर्यंत मी कागदावर होणारी गुन्हेगार होते, आणि तू मला डबा भरून देत होतीस. मग मला जे वाटायचं त्याला लाज म्हणतात. मोर्चात तीन तास ती वाटत नाही. त्याला दुसरा शब्द मला माहीत नाही, म्हणून लोक म्हणतात तेच म्हणते.

ती म्हणाली, "लग्न होतं का कायद्याने?" नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने ते संसदेचं काम आहे म्हणून सांगितलं. तिने निःश्वास टाकला. सुटकेचा की दुसरा, मी विचारलं नाही.

शेवटी, गवार धुवायला उठताना: "मग ठाण्यात का नाही जात? ग्रँट रोडपर्यंत कशाला?"

अगं, ग्रँट रोडला म्हणूनच जातो. माझ्या ओळखीच्यांत कल्याणची आहे, बदलापूरचा आहे, भिवंडीहून काशेळीचा पूल ओलांडून येणारा एक आहे. सगळे स्वतःच्या स्टेशनपासून लांब जाऊन मोकळे होतात. तलावपाळीला मी झेंडा घेऊन उभी राहिले तर दहा मिनिटांत शाळेच्या बाई, बाबांचे मित्र आणि आपला गॅसवाला भेटेल. बाबांना अजून काही माहीत नाही. ते पॉडकास्ट ऐकत नाहीत, त्यांना आकाशवाणी पुरते. म्हणून मी इथे नावही सांगत नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

तर जाणार असाल तर: पाण्याची बाटली, बूट, पॉवर बँक. तिथे कुणाचाही फोटो विचारल्याशिवाय काढू नका, आणि काढलात तर मागे कोण उभं आहे ते बघून मगच टाका. सुरुवातीच्या वर्षांत लोक मुखवटे घालून चालायचे, ते गंमत म्हणून नव्हे. चमकी लावू नका, ती तीन दिवस जात नाही.

आई अजून आलेली नाही. पण परवा तिने विचारलं की तिथे बायकांसाठी बाथरूमची सोय असते का. मी म्हटलं, स्टेशनवरच जाऊन घ्यायचं. "मग दुपारी चहा नको प्यायला," म्हणाली, आणि पुढे काही बोलली नाही.